परसदारचे कुंपण : लाकूड की लोखंड?

घर उभे राहत असताना गृहस्थाचे लक्ष पायावर असते, भिंतींवर असते, दाराच्या चौकटीवर असते. कुंपणाची पाळी सर्वांत शेवटी येते आणि तोवर पैसा व उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग मिळेल तो खांब व मिळेल ती तार घेऊन परसदार एकदाचे बंद केले जाते. पाच-सात वर्षांत तो खांब कलू लागला म्हणजे सुताराला किंवा वेल्डिंगवाल्याला बोल लावला जातो. खरा दोष बहुधा त्या दिवशीच्या घाईचा असतो. खांब लाकडाचा घ्यावा की लोखंडाचा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु जमीन, पाणी, पैसा, जीवदया आणि क्वचित घरातील माणसांचे परस्परांशी असलेले नाते, इतक्या गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात.

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न आला, तो या सर्व गोष्टींसह आला. वडिलांच्या पश्चात दोघा बंधूंची वाटणी झाली. ती समजुतीने झाली. पंच बसवावे लागले नाहीत, वकिलाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. पेठेतील दुकान थोरल्यांकडे, म्हणजे घरात सारे ज्यांना अण्णा म्हणतात त्यांच्याकडे राहिले. गोदाम धाकट्या तात्यांकडे गेले. राहत्या घरात मधोमध भिंत येऊन एकाची दोन घरे झाली. उरले ते मागचे परसदार. त्याच्या पाठच्या अंगाला, गल्लीच्या बाजूस, आजोबांच्या वेळच्या बाभळीच्या मेढी होत्या. त्यांतील निम्म्या पडल्या होत्या आणि उरलेल्या वेलींच्या आधाराने उभ्या होत्या. मोकाट गुरे व कुत्री आत येत. तेव्हा मागचे कुंपण करणे भागच होते. ते करावयाचेच आहे तर परसाच्या मधोमधही हद्दीची रेघ ओढून घ्यावी, असे अण्णांनी सुचविले.

अण्णांचा विचार व्यापाऱ्याचा होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. त्यांच्या वडिलांनी शेजाऱ्याशी एका पडक्या भिंतीवरून अकरा वर्षे कज्जा चालविला होता, तो त्यांनी लहानपणी पाहिला होता. हद्द आणि हिशेब स्वच्छ असले म्हणजे माया टिकते, असे त्यांचे मत. म्हणून कुंपण लोखंडाचे, पक्के, एकदाच करावयाचे. “आपल्यामागं पोरांनी हद्दीवरून भांडायला नको,” असे ते म्हणत. तात्यांचे म्हणणे निराळे होते. गोदामाचे जुने छप्पर काढून पत्रे घातले, तेव्हा सागाच्या तुळया निघाल्या होत्या. त्या एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या. “अण्णा, घरात एवढा साग पडला असताना बाजारातून लोखंड कशाला आणायचं?” एवढेच ते बोलत. मधल्या कुंपणाची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती, हे मात्र त्यांनी तोंडाने सांगितले नाही. लाकूड की लोखंड, या वादाच्या आडून ते तेवढेच सांगत होते.

आईंच्या मनात तिसरीच गोष्ट होती. परसातील आड तात्यांच्या वाट्याला आला होता. गावात मुनिमहाराजांचा विहार होई, तेव्हा या घरी चौका लागत असे आणि आहारासाठी लागणारे पाणी त्याच आडाचे असे. चौका लागे तो अण्णांच्या स्वयंपाकघरात, कारण जुने स्वयंपाकघर त्यांच्या बाजूस गेले होते. मध्ये पक्के कुंपण आले तर सोवळ्याचे पाणी रस्त्याने वळसा घालून आणावे लागणार होते. हा हिशेब दोघाही मुलांच्या वहीत नव्हता.

बोलणी पुढे सरकेनात, तेव्हा सुतारमेस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी आधी काही न बोलता जुन्या मेढी उपटून ओळीने अंगणात मांडल्या. पाहणाऱ्यास नवल वाटावे असा तो देखावा होता. प्रत्येक मेढीचा वरचा भाग हाडासारखा टणक होता. जमिनीत खोल गेलेले टोकही बरेचसे शाबूत होते. कुजली होती ती मधली वीतभर जागा. जिथे मेढ मातीतून बाहेर येते, नेमकी तिथे. “मेढ पाण्यानं मरत नाही, ओल्या-सुक्यानं मरते,” असे मेस्त्री म्हणाले.

हळदीच्या व्यापाऱ्याला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नव्हती. सांगलीजवळच्या हरिपूर गावी हळद साठविण्याची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद भरून तोंड मातीने बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकत असे. वारा नाही, ओल नाही, म्हणून किडीला व बुरशीला वाव नाही. २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. लाकडाचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो, हवा लागते आणि ऊब लागते. लाकडातील ओलावा त्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ही बुरशी वाढत नाही. मेढीचा वरचा भाग पावसात भिजतो, परंतु उन्हावाऱ्याने लवकर वाळतो. खोल भागाला ओल असते, पण हवा अपुरी पडते. जमिनीच्या पातळीवर मात्र ओल, हवा आणि ऊब तिन्ही एकत्र नांदतात. म्हणून घात होतो तो तिथेच.

यावरून लाकूड अल्पायुषी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि आजही जागेवर आहेत. खडकाच्या पोटात, मातीचा स्पर्श नाही, पावसाचा मारा नाही, अशा जागी लाकूड किती काळ टिकू शकते याचा तो पुरावा आहे. लाकडाची निवड करताना जातीप्रमाणेच त्याचा कोणता भाग हाती येतो हेही पाहावे लागते. सागाचा आतला तपकिरी गाभा टिकाऊ असतो. त्याभोवतीचा पांढुरका भाग सागाचा असूनही लवकर किडतो व कुजतो. आजकाल लागवडीतील कोवळ्या सागाचे बारीक वासे बाजारात येतात. त्यांत गाभा थोडा आणि पांढुरका भाग फार असतो. नाव सागाचे, दाम सागाचा, आयुष्य मात्र सागाचे नाही. जुन्या इमारतीतून निघालेल्या तुळयांचे मोल म्हणूनच अधिक असते. बाभळीचा गाभाही चिवट असतो. निलगिरीचे वा सुरूचे वासे स्वस्त व सरळ मिळतात, पण प्रक्रिया न करता जमिनीत पुरले तर थोड्याच वर्षांत हात टेकतात.

बुरशीखेरीज लाकडाचा दुसरा शत्रू म्हणजे वाळवी, आणि इथे या कुटुंबाची खरी अडचण सुरू झाली. मातीत पुरलेल्या लाकडाचे वाळवीपासून रक्षण करावयाचे, तर एक मार्ग भोवतालच्या जमिनीत विष ओतण्याचा. ते एकदा ओतून भागत नाही. काही वर्षांनी पुन्हा ओतावे लागते. ज्या घरात दिवेलागणीपूर्वी जेवणे उरकतात आणि पाणी गाळल्याविना वापरले जात नाही, त्या घराने आपल्याच परसात, आडापासून वीस पावलांवर, दर काही वर्षांनी विष मुरवावे हे कोणालाच रुचेना. दुसरा मार्ग लाकडावरच प्रक्रिया करण्याचा. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांची जी प्रक्रिया जगभर वापरली गेली, तिचा शोध आपल्याच देशात, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत, सोंती कामेशन यांनी १९३३ च्या सुमारास लावला. दाबाखाली ही द्रव्ये लाकडात खोल मुरवली की खांब दशकानुदशके टिकतो. रेल्वेचे स्लीपर व तारांचे खांब यांना अशा प्रक्रियांचा मोठा उपयोग झाला. परंतु आर्सेनिक ते आर्सेनिकच. अमेरिकेत निवासी वापरासाठी असे लाकूड तयार करणे २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आले. मुले खेळतात, भाजी लावली जाते अशा परसात ते नको, हा निर्णय सुज्ञपणाचाच होता. जुना उपाय डांबराचा किंवा टोक जाळून काळे करण्याचा. त्याने थोडा काळ निभावतो. पण लाकूड वाळून त्याला भेगा पडल्या, की त्या भेगांतून ओल आत जातेच.

इतके ऐकल्यावर अण्णांना आपला पक्ष जिंकल्यासारखा वाटला. लोखंडाला वाळवी लागत नाही, बुरशी लागत नाही. मग मेस्त्रींनी त्यांना गल्लीच्या टोकाशी असलेल्या एका वखारीचे कुंपण दाखविले. तिथे अँगलचे खांब होते, रेड ऑक्साइड लावून वर हिरवा रंग दिलेला. वरून ते नवे दिसत. पायाशी मात्र गंजाने पापुद्रे सुटले होते आणि दोन खांब हाताने हलविल्यावर हलत होते. जमिनीच्या पातळीवर, काँक्रीटच्या बाहेर येताच, जिथे वाटीसारख्या खळग्यात पावसाचे पाणी साचत होते, तिथेच लोखंड खाल्ले गेले होते. बाभळीची मेढ जिथे मेली, तिथेच अँगलही मेला होता. लोखंड गंजण्यासही पाणी व हवा एकत्र लागतात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगून रंगाला आतून ढकलतो आणि एकदा रंग सुटला की त्यामागे ओल दडून बसते.

दिल्लीचा लोहस्तंभ या बाबतीत नेहमी दाखल्यादाखल सांगितला जातो. सुमारे सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा तो स्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार होतो, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. परंतु त्याचाही जमिनीखालचा भाग वरच्या भागाइतका निष्कलंक राहिलेला नाही. बाजारातील अँगलमध्ये तर तो गुणही नसतो. कार्ल्याचे लाकूड आणि दिल्लीचे लोखंड यांच्याकडून गृहस्थाने घ्यावयाचा धडा एकच आहे. वस्तू कशाची आहे, याइतकेच ती मातीला कुठे व कशी भेटते याला महत्त्व आहे.

बाजारातील लोखंडाला जे संरक्षण देता येते ते जस्ताचे. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाला वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविले की त्याच्या अंगावर जस्ताचा थर घट्ट बसतो. हा थर केवळ झाकण नव्हे. कुठे ओरखडा पडला, तरी आसपासचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. रंगाला हे साधत नाही. मात्र यातही गोम असते. जस्त चढविल्यानंतर खांब कापला, भोके पाडली किंवा वेल्डिंग केले, तर त्या जागी थर जळतो अथवा तुटतो आणि गंजाला दार उघडते. म्हणून कापणे, भोके पाडणे, जोडणे हे सर्व आधी करून मग खांब जस्तात बुडवून घ्यावेत. नंतर काही करावेच लागले, तर त्या जागी जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. पोकळ पाइप घेतला तर वरचे तोंड टोपीने बंद करावे. नाही तर पावसाचे पाणी आत उतरते आणि खांब आतून गंजतो, जे बाहेरून दिसतही नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत जस्तही लवकर झिजते. सांगलीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी ते पुष्कळ काळ साथ देते.

वजनाचा हिशेब ग्राहकाने स्वतः करावा हे उत्तम, कारण लोखंड किलोवर विकले जाते आणि हलका अँगल डोळ्यांना कळत नाही. ४० मिलिमीटर बाय ४० मिलिमीटर व ५ मिलिमीटर जाडीच्या अँगलचे वजन मीटरला ३ किलो भरते. आठ फुटी खांब म्हणजे सुमारे सव्वासात किलो. मागच्या बाजूची लांबी ९६ फूट होती. दर आठ फुटांवर एक याप्रमाणे १३ खांब, म्हणजे सुमारे ९५ किलो. कोपऱ्यांचे तिरके टेकू वेगळे. काट्यावर याहून बरेच कमी वजन भरले, तर जाडी कमी आहे असे समजावे. हळदीच्या पोत्याला काटा लावणाऱ्याने लोखंडालाही तो लावला पाहिजे.

जमिनीचाही विचार झाला. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या फुगण्या-आक्रसण्याने खांब हळूहळू वर उचलला जातो व कलतो. त्यासाठी खड्डा दोन फुटांहून थोडा अधिक खोल घ्यावा, तळाशी खडी घालावी म्हणजे पाणी निथळते, आणि काळी माती परत न भरता मुरूम ठोकून भरावा किंवा काँक्रीट घालावे. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच व चोहोबाजूंस उतरता ठेवावा. वखारीच्या कुंपणाला एवढी एक गोष्ट केली असती, तर ते खांब आज हलले नसते. शिवाय सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पूर पाहिले आहेत. जाळीचे कुंपण वाहत्या पाण्यातील पालापाचोळा अडविते आणि मग पाण्याचा सारा भार खांबांवर येतो; म्हणून पुराचे पाणी येते अशा बाजूस जाळीची घरे मोठी ठेवणे इष्ट.

राहिला पैशाचा प्रश्न. अण्णांची कन्या सी. ए.चा अभ्यास करते. तिने एका संध्याकाळी कागदावर एक हिशेब मांडला आणि तो व्यापारी घरांनी पाहण्याजोगा आहे. समजा, सारे कुंपण विकतच्या लाकडात ३० हजारांत होते आणि जस्त चढविलेल्या लोखंडात ५० हजारांत. लाकूड १० वर्षे टिकेल असे धरावे. वरवर पाहता तीस वर्षांत लाकडाला तीनदा खर्च, म्हणजे ९० हजार. लोखंड सरळ जिंकते. परंतु लाकूड घेतल्याने आज २० हजार हाती राहतात. ते चक्रवाढीने द. सा. द. शे. ८ ने गुंतविले, तर १० वर्षांत सुमारे ४३ हजार २०० होतात. तेवढ्या काळात भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी चढले, तर तेच लाकडी कुंपण ५३ हजार ७०० ला पडते. तूट साडेदहा हजारांची. लाकूड १५ वर्षे टिकले तर तूट साडेआठ हजारांच्या आत येते. २० वर्षे टिकले तर ती जेमतेम तीन हजार राहते. आणि तुळया घरच्याच असल्यामुळे पहिला खर्च २० हजारांवर आला, तर दहा वर्षांअखेर तूट न होता सुमारे ११ हजार शिल्लक राहतात. दुसऱ्या खेपेला मात्र घरचे लाकूड नसते आणि तोवर खर्च पुष्कळ चढलेला असतो. तिथे लोखंडच सरस ठरते.

या कागदाने एक गोष्ट साधली. लोखंड अतिशय फायद्याचे आणि लाकूड केवळ हौसेचे, हा दोन्हीकडचा समज त्याने दूर केला. फरक होता, पण दोघा भावांनी एकमेकांशी अबोला धरावा इतका तो नव्हता. जो प्रश्न पैशाचा म्हणून मांडला गेला होता तो पैशाचा नव्हे, हे दोघांच्याही ध्यानात आले. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि प्रथमच विचारले, “तात्या, तुला मधलं कुंपण नकोच आहे का?” तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही म्हणाल तर करू. पण लोखंडाचं केलं की ते आपल्यामागंही राहील, अण्णा.”

उत्तर आईंनी दिले. “मागचं कुंपण गुराढोरांसाठी. ते लोखंडाचं करा, पक्कं करा. मधलं तुमच्या दोघांसाठी. ते लाकडाचं करा. उद्या पोरांना नको वाटलं, तर चार बोल्ट काढून बाजूला ठेवता आलं पाहिजे. आणि आडासमोर फाटक ठेवा. त्याला कुलूप नको.”

या बोलण्यात दोघांचीही बाजू राखली गेली होती. अण्णांना हद्दीची स्पष्ट रेघ हवी होती, ती मिळाली. तात्यांना जे कायमचे नको होते, ते कायमचे झाले नाही. कुंपणाचे आयुष्य त्याच्या कामाप्रमाणे ठरवावे, ही त्यातील व्यवहाराची गोष्ट इतर घरांनाही उपयोगी पडेल. जिथे बाहेरच्या उपद्रवापासून रक्षण करावयाचे, तिथे दीर्घायुषी वस्तू घ्यावी. जिथे आज एक व्यवस्था आहे आणि उद्या ती बदलू शकते, तिथे सहज दुरुस्त होणारी, सहज निघणारी वस्तू बरी. नेहमीच सर्वांत टिकाऊ ते सर्वांत चांगले असते असे नाही.

वाळवीचा प्रश्नही विषाविना सुटला. मेस्त्रींनी मधल्या कुंपणाचे लाकूड मातीला लागूच दिले नाही. जस्त चढविलेल्या अँगलचे दोन-दोन तुकडे समोरासमोर काँक्रीटमध्ये रोवले, ते जमिनीवर हातभर उभे ठेवले आणि त्यांच्या मध्ये सागाचा खांब धरून आरपार बोल्टने आवळला. खांबाचे बूड जमिनीपासून तीन इंच वर राहिले. पाऊस पडतो, बूड भिजते, निथळते आणि वाळते. वाळवी आली तरी तिला उघड्या लोखंडावरून मातीची वाट बांधत वर यावे लागते आणि ती वाट केरसुणीच्या एका फटकाऱ्याने मोडण्यापूर्वी डोळ्यांना दिसते. खांबांचे वरचे टोक उतरते कापले, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. ४८ फुटांच्या या रांगेत लाकडाचे सहा खांब आणि फाटकासाठी एक जादा, असे सात लागले. शेवटची आडवी पट्टी मागच्या कुंपणाच्या मधल्या लोखंडी खांबाला जोडली. लाकूड आणि लोखंड यांचा वाद असा एका बोल्टने मिटला.

खड्ड्यांचे काम वैशाखात करून घेतले. त्या वेळी जमीन कोरडी असते, मातीत जीवजंतू कमी आढळतात, आणि चातुर्मासात खणण्याचा प्रसंग येत नाही. मागच्या लोखंडी कुंपणालगत कोयनेल लावली. जिवंत कुंपण ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. शेताच्या बांधाला निवडुंग व शेर, परसाला मेंदी किंवा कोयनेल. आजही अनेक ठिकाणी गिरिपुष्पाच्या फांद्याच खांब म्हणून रोवतात. त्यांना मुळे फुटतात आणि खांबाचेच झाड होते. अशा खांबाला कुजण्याचे भय नाही, मात्र छाटणीला माणूस हवा. कोयनेल दाट होईपर्यंत जाळी राखण करील आणि दाट झाल्यावर ती जाळी झाकून टाकील, असा तात्यांचा होरा.

देखभालीचा नेम सोपा ठेवला आहे. दिवाळीनंतर, पावसाची ओल ओसरल्यावर, सर्व खांब हाताने हलवून पाहावयाचे. बोल्ट सैल असतील तर आवळावयाचे. काँक्रीटच्या माथ्यावर साचलेली माती काढावयाची, कारण तीच पुढे ओल धरते. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यावयाचा. तेलाची चिंधी घडी करून कोपऱ्यात टाकावयाची नाही, मोकळी पसरून वाळू द्यावयाची. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि हळदीच्या गोदामाशेजारी तर हे विसरता येत नाही. हे काम दोन्ही घरांतील मुले मिळून करतात. बोल्ट आवळणारा पाना अण्णांच्या घरी असतो आणि तेलाचा डबा तात्यांच्या, त्यामुळे एकाला दुसऱ्याकडे जावेच लागते.

यंदा चौका लागला तेव्हा पाणी त्या फाटकातूनच आले. दोन्ही दुकानांच्या वह्या वेगळ्या झाल्या आहेत, कर वेगळे भरले जातात, गिऱ्हाइकेही वाटली गेली आहेत. परसदारच्या कुंपणाचे खाते मात्र एकत्र आहे. तेलाचे, बोल्टचे, छाटणीच्या मजुरीचे जे काही रुपये वर्षात लागतात, ते निम्मे-निम्मे करून दोन्ही वह्यांत एकाच दिवशी, एकाच आकड्याने लिहिले जातात.